रांगेत उभं राहून ताळेबंद वाचणाऱ्यांना

राइडवेड्या मित्रमैत्रिणींनो,



तिमाही निकाल लागला की शेअर बाजारातली माणसं आधी नफा बघतात. तुम्ही फुटफॉल बघता. मग देखभाल-दुरुस्तीचा आकडा शोधता, भांडवली खर्चाच्या ओळीवर येऊन थांबता आणि एकमेकांना विचारता, ‘म्हणजे नवी राइड येतेय का?’ इमॅजिकातल्या ‘नायट्रो’ कोस्टरच्या रांगेतही तुमचं हेच चाललेलं असतं. घरच्यांना याचं नवल वाटतं. पाळण्यात बसायला जाणाऱ्याला कंपनीच्या कर्जाशी काय करायचंय? जावं, मजा करावी, संध्याकाळी घरी यावं.

या प्रश्नासाठीच हे पत्र लिहितोय. माझ्या मते राइड आणि कर्ज हा एकच विषय आहे आणि तो तुम्हाला जितका कळलाय तितका गुंतवणूकदारांनाही कळलेला नाही. मला तुमच्याकडून काही हवंही आहे. ते शेवटी मागतो.

खोपोलीचंच घेऊ, कारण इमॅजिका हा आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. मनमोहन शेट्टींनी १९७८ मध्ये ॲडलॅब्ज नावाची फिल्म प्रोसेसिंगची लॅब सुरू केली. ‘अर्धसत्य’च्या निर्मात्यांमध्ये ते होते. वडाळ्याचा आयमॅक्सचा घुमट त्यांनीच उभारला. ती कंपनी अनिल अंबानींच्या रिलायन्स समूहाकडे गेल्यावर त्यांनी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेलगत सुमारे ३०० एकर जमीन घेऊन पार्क काढलं. एप्रिल २०१३ मध्ये ते उघडलं तेव्हा सुमारे १,६०० कोटींच्या या प्रकल्पाची सगळीकडे चर्चा होती. शेट्टींनी कुठेही हात आखडता घेतला नाही. ‘मिस्टर इंडिया’वर सिम्युलेटर, बंदुकीने नेम धरत फिरायची ‘अलीबाबा’ची राइड, अंधारात सुसाट सुटणारा ‘डीप स्पेस’, आणि सगळ्यांच्या वर, सुमारे ४० मीटर उंचीचा आणि पाच वेळा उलटं करणारा ‘नायट्रो’. तो बनवला स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीने, जिचं नाव तुम्ही दोन अक्षरांत आणि जरा आवाज खाली आणून घेता.

नायट्रोच्या स्टेशनापाशी मला थोडं थांबायचंय, कारण माझा सगळा मुद्दा तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतो. हा फ्लोअरलेस कोस्टर. गाडी उभी असते तेव्हा पायाखाली फरशी असते. हार्नेस खाली येतात, ऑपरेटर एकेकाचा हार्नेस हाताने ओढून बघत जातो आणि शेवटी अंगठा वर करतो. मग पायाखालची फरशी दुभंगून खाली जाते, समोरचं फाटक उघडतं आणि पाय हवेत लोंबायला लागतात. गाडी निघते, साखळीवर चढते. गाडीला तीन तऱ्हेची चाकं असतात: रुळाच्या वरून धावणारी, बाजूने दाबून धरणारी आणि खालून अडवणारी. माणूस उलटा झाला तरी गाडी रुळावरून सुटत नाही ती या तिसऱ्या चाकांच्या जिवावर. या चाकांवरचं पॉलियुरेथेन झिजतं, बदलावं लागतं, आणि बदलायचं म्हटलं की पैसे लागतात.

आता तुम्ही काय करता? घड्याळ लावून दोन गाड्यांमधला वेळ मोजता. समजा एका गाडीत २४ जण बसतात. दर दोन मिनिटांनी गाडी सुटली तर तासाला ७२० जण बसतील. दर चार मिनिटांनी सुटली तर ३६०. मंदीच्या दिवसांत कोणत्याही पार्कात दोनपैकी एक गाडी शेडमध्ये उभी ठेवण्याचा मोह होतोच. चाकांची झीज वाचते, स्टेशनात दोन माणसं कमी लागतात, महिन्याच्या खर्चात फरक पडतो. रांग मात्र दुप्पट होते. हा निर्णय वार्षिक अहवालात कुठेच लिहिलेला नसतो. तो फक्त रांगेत दिसतो आणि रांगेत घड्याळ लावून तुम्हीच उभे असता. म्हणून म्हणतो, तुमचं हे मोजणं रिकामटेकडं नाही. सल्लागार कंपन्या लाखो रुपये घेऊन असलीच निरीक्षणं कागदावर मांडतात.

कर्जाचं गणितही असंच अंगावर येणारं आहे. हजार कोटींचं कर्ज आणि १२ टक्के व्याज धरा. वर्षाला १२० कोटी. पार्कात वर्षाला १५ लाख माणसं येतात असं धरा. म्हणजे प्रत्येक माणसामागे ८०० रुपये, फाटकातून आत पाय टाकायच्या आधीच, बँकेचे झाले. विजेचं बिल, पगार, विमा, चाकं, रंग, हे सगळं त्यानंतर. इमॅजिकाचं कर्ज हजार कोटींच्या वर होतं आणि वर्षाची विक्री अडीचशे कोटींच्या आसपासही जेमतेम पोचत होती. याहून जास्त आकडेमोड करायची गरजच नाही.

मार्च २०१५ च्या आयपीओच्या वेळी बाजाराने हे हेरलं होतं. आधी जाहीर केलेला २२१ ते २३० रुपयांचा दरपट्टा खाली आणावा लागला, मुदत वाढवावी लागली, आणि शेवटी १८० रुपयांना शेअर दिला गेला. पुढची काही वर्षं व्याजाचा बोजा, मग थकलेले हप्ते, मग २०२० चं टाळं. त्या काळात तो शेअर काही रुपयांवर आला होता. तुमच्यातल्या अनेकांनी तेव्हा तो घेतला, नफ्यासाठी कमी आणि ‘आपलं पार्क’ म्हणून जास्त. त्याबद्दल तुम्हाला कुणी भाबडं म्हणालं असेल तर मनावर घेऊ नका.

शेट्टींना दोष देणाऱ्यांशी माझं पटत नाही. नायट्रो मागवणं ही चूक नव्हती. चूक होती ती राइडचं आयुष्य आणि कर्जाची मुदत यांची सांगड न घालण्यात. नीट सांभाळलेला कोस्टर तीस-चाळीस वर्षं सहज चालतो. न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडवरचा लाकडी ‘सायक्लोन’ १९२७ पासून आहे आणि आजही त्यात लोक बसतात. बँकेचं कर्ज इतकं थांबत नाही. जी गोष्ट तीन पिढ्यांना आनंद देणार तिचे पैसे पहिल्या दहा वर्षांच्या तिकिटांतून वसूल करायचे ठरवलं की तिकीट महाग होतं. तिकीट महाग झालं की ठाण्याचं चौघांचं कुटुंब दरवर्षी येण्याऐवजी एकदाच येतं, आणि पार्क जगतं ते पुन्हा पुन्हा येणाऱ्यांवर. त्यात जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि पार्कांच्या तिकिटावर २८ टक्के कर लागला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला खरा, पण तोवर घाव बसायचा तो बसला होता.

याउलट वंडरलाकडे बघा. २००० मध्ये कोची, २००५ मध्ये बेंगळुरू, मग थेट २०१६ मध्ये हैदराबाद, २०२४ मध्ये भुवनेश्वर. हाताशी पैसा जमला की पुढचं पार्क. बऱ्याच राइड तर ते स्वतःच्याच कारखान्यात बनवतात. तुमच्यातले काही जण वंडरलाला कंटाळवाणं म्हणतात, आणि राइडपुरतं बोलायचं तर मीही वर्षानुवर्षं नायट्रोचाच. पण सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली आणि पार्क उघडं असेल याची शंभर टक्के खात्री हवी असेल, तर कुठलं पार्क डोळ्यांपुढे येतं ते स्वतःला विचारून बघा.

हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. अमेरिकेतली सिक्स फ्लॅग्ज २००९ मध्ये कर्जापायी दिवाळखोरीत गेली, सावरली, आणि जुलै २०२४ मध्ये सीडर फेअर या आपल्या जुन्या स्पर्धकाशी विलीन झाली. पुढच्याच फेब्रुवारीत तिने न्यू जर्सीतला ‘किंग्डा का’ स्फोटकं लावून पाडला. १३९ मीटर उंच, तेव्हा जगातला सगळ्यात उंच कोस्टर. तिथल्या मराठी घरांतल्या मुलांनीही त्याची स्वप्नं पाहिली असतील. तो सतत बंद पडायचा, दुरुस्तीला भारी होता, हे खरंच आहे. पण कर्ज डोक्यावर असलेल्या कंपनीत महागडी राइड सगळ्यात आधी नजरेत येते, हे तिकडच्या चाहत्यांनी कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं.

इमॅजिकाचा पुढचा भाग तुम्ही माझ्याइतकाच जाणता. जून २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने सुमारे ४१५ कोटी घालून ताबा घेतला. महाराष्ट्राच्या गावोगावी ज्यांचा गाय छाप जर्दा पोचलेला आहे तेच हे घराणं. शिर्डी आणि लोणावळ्याची ‘वेट अँड जॉय’ वॉटर पार्कं आणि शिर्डीचं ‘साई तीर्थ’ त्यांचंच. २०२४ मध्ये हीच पार्कं सुमारे ६३० कोटींना इमॅजिकाच्या कंपनीत आणली गेली. बँकांशी तडजोड झाली, बरंचसं कर्ज माफ झालं, पार्क वाचलं. मला याचा मनापासून आनंद आहे. खोपोली-खालापूरच्या आसपासच्या किती घरांत त्या पार्काचा पगार जातो याचा विचार केला की हा आनंद आणखी मोठा होतो.

पण एक सांगायचंय. मालपाणींनी ताबा घेतला त्या वर्षीचा निकाल लागला तेव्हा निव्वळ नफा विक्रीपेक्षाही मोठा दिसला आणि तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पेढे वाटावेत तसे आकडे वाटले. तो नफा तिकिटांचा नव्हता. बँकांनी सोडलेलं कर्ज हिशेबात ‘अपवादात्मक बाब’ म्हणून जमेला आलं होतं. ज्यांना दोन गाड्यांमधले सेकंद मोजता येतात त्यांनी ही एक ओळही ओळखलीच पाहिजे. तिमाहीचंही तसंच. एप्रिल ते जून ही सुट्टीची आणि वॉटर पार्कची तिमाही, ती चांगली जाणारच. जुलै ते सप्टेंबरात खालापूरचा पाऊस कोसळतो, विजा चमकल्या की उंच राइड थांबतात, आणि आकडे खाली येतात. मार्चअखेरीपर्यंतचं सगळं वर्ष एकत्र धरल्याशिवाय ना आनंद करावा ना शोक.

मला खरी काळजी आहे ती पाण्याची. कोणत्याही कंपनीचा हिशेबनीस तुम्हाला सांगेल की वॉटर पार्कसारखा धंदा नाही. घसरगुंड्यांना कोस्टरच्या मानाने खर्च कमी, सुटे भाग परदेशातून मागवायची कटकट कमी, उन्हाळा आपोआप गिऱ्हाईक आणतो, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे पाण्यात उतरतात. इंदूरला इमॅजिकाने पाण्याचं पार्क काढलं तेही याच हिशेबाने. मला वॉटर पार्क वाईट वाटत नाहीत. पार्क जगवायचं तर पाण्याचा पैसा हवाच. भीती एवढीच वाटते की हळूहळू स्विस पोलादाकडे ‘जुन्या मालकांची हौस’ म्हणून पाहिलं जाईल. तसं झालं तर कुणी नायट्रो एका दिवसात पाडणार नाही. एक गाडी कमी होईल, मग आठवड्यातले दोन दिवस कमी होतील, मग ‘तांत्रिक कारणास्तव बंद’ची पाटी लागेल आणि ती काढायची कुणाला आठवण राहणार नाही. हे घडायला लागलंच, तर पहिल्या गाडीपाशीच ते तुमच्या लक्षात येईल.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड असंच आपल्या डोळ्यांदेखत गेलं. १९८९ मध्ये उघडलं, २०२२ मध्ये बंद झालं. मुंबईतल्या एका अख्ख्या पिढीची पहिली लाँच आणि पहिला कोस्टर एकाच दिवशी झाला. मार्वेच्या धक्क्यावर डिझेलचा वास, पाय ओले न करता होडीत चढायची धडपड, पलीकडे उतरल्यावर लांबूनच ऐकू येणाऱ्या किंकाळ्या. थंडर, झिपर डिपर, हूला लूप. आज कुणी विचारलं की हूला लूप नेमका कोणत्या वर्षी आला, त्याचा रूळ किती लांब होता, शेवटची फेरी कधी झाली, तर आपल्याकडे आठवणींखेरीज काय आहे? तेहतीस वर्षं चाललेल्या पार्काचा नीट लिहिलेला इतिहास मराठीत नाही. शाळेच्या सहलींचे फोटो आहेत, तेही घराघरांतल्या पेट्यांत.

नोंद का ठेवायची याचं एक उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओला १९४७ सालचा ‘रॉकेट’ नावाचा लाकडी कोस्टर होता. पार्क बंद पडलं आणि तो बेवारशासारखा उभा राहिला. पेनसिल्व्हेनियातल्या क्नोबेल्स या कौटुंबिक पार्काने तो उचलायचं ठरवलं, पण मूळ आराखडेच मिळेनात. मग फळीन् फळी मोजली, प्रत्येकीवर क्रमांक टाकला आणि सगळं लाकूड वाहून नेऊन पुन्हा उभं केलं. १९८५ मध्ये तो ‘फिनिक्स’ या नावाने सुरू झाला. आजही जगभरचे चाहते सगळ्यात लाडक्या लाकडी कोस्टरांमध्ये त्याचं नाव घेतात. अमेरिकेत चाहत्यांची संघटना १९७८ पासून आहे. जुन्या कोस्टरांची यादी करणं आणि वाचवायला हातभार लावणं ही कामं तिने आपली मानली. आपल्याकडे अशी संघटना नाही. ती व्हावी असं मला फार वाटतं, आणि तिचं पहिलं काम एस्सेलवर्ल्डची कागदपत्रं, तिकिटं, नकाशे आणि तिथे काम केलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करणं हे असावं. तिथले जुने ऑपरेटर आणि फिटर अजून इथेच आहेत, बोरिवली-भाईंदरच्या आसपास. त्यांना जाऊन भेटा. फार उशीर करू नका.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. तुमच्यातले बहुतेक जण जत्रेच्या पाळण्यांकडे वळून पाहत नाहीत. टोराटोरा, ब्रेकडान्स, आकाशपाळणा, मौत का कुवा: महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुलांचा पहिला थरार हाच असतो, तीन-चार हजारांत पडणारा एक्स्प्रेसवेवरचा दिवस त्यांच्या वाट्याला कधी येतच नाही. हे पाळणेवाले या जत्रेतून त्या उरुसात ट्रकवर सगळा संसार लादून फिरतात, रात्रीत सगळं नटबोल्ट आवळून उभं करतात, चार दिवसांनी उतरवतात. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण तपासणी कोण करतं, कशी करतं, हे विचारायला तिथे कुणी नसतं. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरियाला झुलती राइड हवेत मोडून कोसळली आणि दोघांचा जीव गेला. ती तर जत्रेतलीही नव्हती. शहराच्या मध्यभागी, कायमच्या जागेवर होती. तुम्हाला वेल्ड नि वेल्डमधला फरक कळतो. लॅप बार सैल आहे हे तुमच्या मांडीला कळतं. गंज कुठे वरवरचा आहे आणि कुठे खोल गेलाय हे तुम्ही दहा फुटांवरून सांगता. हे ज्ञान फक्त स्विस कोस्टरसाठी राखून ठेवू नका. गावच्या जत्रेच्या पंच कमिटीशी बोला. पाळणेवाल्याशी आधी मैत्री करा, मग बोल्टाकडे बोट दाखवा; तो ऐकतो, कारण त्यालाही त्याच पाळण्यावर उद्या पोट भरायचं असतं.

शेवटी मागणी. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे पार्क कंपन्यांचा एक का होईना शेअर आहे, त्यांनी वार्षिक सभेला हजर राहावं. २०२० पासून बऱ्याच सभा व्हिडिओवर होतात, त्यामुळे सांगलीतून, नागपुरातून, कुठूनही भाग घेता येतो. एक शेअर असला तरी प्रश्न विचारायचा हक्क तेवढाच आहे. तिथे ‘नवी राइड कधी?’ हे विचारू नका; त्याचं गुळगुळीत उत्तर तयार असतं. विचारा की गेल्या वर्षी मोठ्या राइड किती दिवस बंद होत्या. विचारा की देखभालीवरचा खर्च दर पाहुण्यामागे वाढला की घटला. दोन गाड्यांच्या कोस्टरवर गर्दीच्या दिवशी दोन्ही गाड्या चालतात का, आणि नसतील तर का नाही? सुट्या भागांचा साठा किती महिन्यांचा आहे? राइड चालवणारी माणसं कायम आहेत की कंत्राटी, आणि त्यांना प्रशिक्षण कोण देतं? उत्तरं सभेच्या इतिवृत्तात यायला हवीत असा आग्रह धरा. आणि ती आली की तुमच्या घड्याळातल्या नोंदींशी ताडून बघा.

पार्कवाल्यांना हे प्रश्न रुचणार नाहीत असं मला वाटत नाही. आतल्या इंजिनिअरांना तर ते हवेच असतात, कारण देखभालीचं बजेट मागताना त्यांच्या बाजूने बोलणारं सभेत कुणी नसतं. या सभा बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात होतात. बोलायचं असेल तर काही दिवस आधी नाव नोंदवावं लागतं. सूचनेच्या कागदात शेवटची तारीख दिलेली असते. तेवढी चुकवू नका.



तुमच्यातलाच एक